फराळाचा स्टॉल आणि घरचं स्वयंपाकघर

फराळ समितीकडून:

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाचा स्टॉल लावायचा विचार आहे. तिघीजणी घरून बेसन लाडू, नानकटाई, गोडा मसाला आणि श्रीखंड करून द्यायला तयार आहेत. काउंटरवर समिती विकेल, हिशोब मागाहून. पण एका काकांनी फोन करून "लायसन्स लागतं, भानगडीत पडू नका" असं सांगितलंय. कॅलिफोर्नियातले नियम कुणाला नीट माहीत आहेत का?

उत्तर १:

ताई, भानगड नाही, पण श्रीखंड आत्ताच यादीतून काढा.

मी तीन वर्षांपासून घरून लाडू विकते, म्हणून सांगते. 2013 पासून इथे कॉटेज फूडचा, म्हणजे घरच्या स्वयंपाकघरात करून विकायच्या पदार्थांचा, कायदा आहे. त्यात सगळा खेळ एकाच गोष्टीचा: पदार्थ फ्रिजबाहेर टिकतो का? नानकटाई आणि सुके मसाले बसतात, बेसन लाडू मी मिठाई म्हणून मंजूर करून घेतला. दह्याचं काहीही बसत नाही, क्रीम भरलेलं बसत नाही, आणि (हे मला फार लागलं) लोणचंही मंजूर पदार्थांच्या यादीत नाही. हात कितीही स्वच्छ असोत.

दुसरं, या कायद्यात विक्रीचे दोन वर्ग आहेत. क्लास ए म्हणजे आपण बनवायचं आणि आपणच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. समितीने आमच्या वतीने विकलं की ते क्लास बी होतं. त्याला काउंटीची (म्हणजे जिल्ह्याची) परवानगी लागते आणि घर तपासायला माणूस येतो. क्लास एला नुसती नोंदणी आणि स्वतः भरायची चेकलिस्ट. तेव्हा तिघींनी नोंदणी करून स्वतःच काउंटरवर उभं राहावं हे उत्तम. नोंदणीनंतर तीन महिन्यांत अन्न हाताळणीचा कोर्सही करावा लागतो.

लेबलावर मात्र कसूर नको. "मेड इन अ होम किचन" 12 पॉइंटाच्या अक्षरांत, नोंदणी क्रमांक, वजन, आणि जिन्नस जास्तीकडून कमीकडे. तूप म्हणजे दूध, ते ॲलर्जीच्या रकान्यात लिहायचं. मसाल्यात तीळ असतील तर तेही, कारण 2023 पासून लेबलावर सांगावाच लागणाऱ्या ॲलर्जीच्या पदार्थांत तीळ नववा झालाय.

आणि लाडू वळताना शेजारच्या शेगडीवर घरच्यांसाठी भाजी टाकायची नाही. भांडी घासणं, पाहुणे, कुत्रं, लहान मूल, काहीही त्या वेळी स्वयंपाकघरात नको. मी रात्री दहानंतर बेसन भाजते, नवरा त्याला नाइट शिफ्ट म्हणतो.

उत्तर २:

मंडळात वीस वर्षं घरचंच खातोय, कुणाचं पोट बिघडलं नाही. पैसे डोनेशन म्हणून घ्या की!

उत्तर १ पुन्हा:

काका, पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून काही आणून एकत्र जेवायला, माझी ना नाही. पण डझनाचा भाव लावून त्याला डोनेशन म्हणायचं, तर काउंटीचा माणूस काय आपल्या मंडळाचा सभासद आहे?

उत्तर ३:

जेवणाच्या डब्यांचं काय? आमच्या शेजारच्या वहिनी पोळी-भाजी देतात.

उत्तर १:

तो वेगळा परवाना, घरून जेवण करून विकण्याचा, त्याला मेहको (MEHKO) म्हणतात. 2019 पासून आहे, पण ज्या काउंटीने ठराव करून स्वीकारला तिथेच चालतो. पहिली रिव्हरसाइड होती. दिवसाला 30 आणि आठवड्याला 90 जेवणं, वर्षाला साधारण एक लाख डॉलरपर्यंत विक्री. शिजवलं त्याच दिवशी द्यायचं, कालची भाजी आज नाही. वहिनींनी आधी काउंटीच्या पर्यावरण आरोग्य विभागाला फोन करावा.

फराळ समितीकडून:

ठरलं. श्रीखंड रद्द. तिघी आपापली नोंदणी करतील आणि स्टॉलवर आळीपाळीने नाही, तिघीही उभ्या राहतील. लेबलं छापायला कुणाकडे बरा प्रिंटर आहे का? माझ्या प्रिंटरवर "होम किचन" मधला होम दिसतच नाहीये.