वाळीत टाकणे: धर्माचा शब्द की गावकीचा?

तिरफळ
रायगडातल्या काही तक्रारअर्जांचं इंग्रजी भाषांतर करतेय. जवळजवळ प्रत्येक अर्जात एक वाक्य आहेच: "गावकीने आम्हास वाळीत टाकले आहे." मी 'एक्सकम्युनिकेट' वापरलं. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडलं. म्हणाल्या, हा चर्चचा शब्द, इथे धर्म कुठे आला? 'सोशल बॉयकॉट' लिहा. पण एका अर्जातलं भांडण देवळाच्या वर्गणीवरून पेटलंय, आणि शिमग्याची पालखी त्यांच्या दारात थांबत नाही. मग धर्म नाही कसा? मुळात 'वाळीत'मध्ये धर्म आहे का?

निरुक्तप्रेमी
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. 'वाळणे' म्हणजे जातीतून बाहेर काढणे, असं स्वतंत्र क्रियापद आहे. त्याचंच 'वाळीत'. माझा तर्क असा की वारणे > वाळणे. म्हणजे दूर सारणे. जात म्हणजे धर्म धरलात तर तुमचा शब्द बरोबर.

अर्धाचहा
वारणे कशाला हवं? आजी म्हणायची, झाडापासून तोडलेलं पान वाळतं तसा गोतातून तुटलेला माणूस.

निरुक्तप्रेमी
आजींना नमस्कार, पण ही व्युत्पत्ती नव्हे. सुकतं ते वाळणे अकर्मक. हे सकर्मक आहे, 'त्यास वाळिले' असं. उन्हातल्या गव्हाला कुणी 'वाळिले' म्हणत नाही, 'वाळवले' म्हणतात.

पेठकर
जुन्या कागदांत यासाठी 'ग्रामण्य' येतं, ते कसं विसरलात? १८९० साली पुण्यात पंचहौदच्या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतला म्हणून रानडे, टिळक वगैरे मंडळींवर ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहाच्या कपावरून! प्रायश्चित्त आलं म्हणजे धर्म आलाच. गंमत अशी की पुढे त्याच टिळकांच्या चतुःसूत्रीत 'बहिष्कार' दिमाखात बसला, विलायती मालावर. तेव्हा 'सामाजिक बहिष्कार' हे मला सरकारी पाट्यांचं मराठी वाटतं. ग्रामण्य लिहा.

तिरफळ
पेठकर, मी मराठीतून इंग्रजीत करतेय हो. उलटं नाही.

दाभोळखाडी
चर्चा रंगली आहे म्हणून लिहितो. आमचं घर वाळीत होतं. भांडण वहिवाटीच्या वाटेचं. काका गावकीला न विचारता कोर्टात गेले, हा गुन्हा. दुकानात माल मिळेना, गिरणीत दळण घेईनात, आमच्याशी बोलेल त्याला दंड. गावच्या मुंबईतल्या मंडळानंही नाव कमी केलं. आजोबा गेले तेव्हा खांद्याला माणसं शेजारच्या गावातून आणावी लागली. आता धर्म होता का विचाराल, तर वाटेत कसला धर्म? पण बैठक देवळात भरली आणि 'यांच्याकडे कुणी जायचं नाही' हे देवापुढे नारळ ठेवून वदवून घेतलं. नारळ नसता तर निम्मी माणसं चार दिवसांत आमच्या ओटीवर येऊन बसली असती. आणि हो, हल्ली जो तो 'मला ग्रुपनं वाळीत टाकलं' म्हणतो, ते ऐकून डोकं फिरतं.

अर्धाचहा
दाभोळखाडी, वाईट झालं. पण शब्द वापरायला परवाना लागत नाही ना. भाषा अशीच पसरते.

दाभोळखाडी
पसरू दे. मी म्हणणार नाही.

कलमबहाद्दर
तिरफळताई, शब्द जपून निवडा, त्यावर खटला फिरतो. मुंबई राज्यानं १९४९मध्ये असं बाहेर टाकण्याला बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी तो आव्हानित केला आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्द ठरवला. धार्मिक कारणावरून बाहेर काढणं हा पंथाचा स्वतःचा धार्मिक कारभार, असं बहुमत. सरन्यायाधीश सिन्हा एकटे विरोधात. म्हणजे 'धर्म' म्हटलं की संरक्षण टाकणाऱ्याला! महाराष्ट्रानं २०१६चा कायदा केला तो 'सामाजिक बहिष्कार' या नावानं. ३ जुलै २०१७पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारी मराठी म्हणून हिणवू नका पेठकर, ते नाव उगाच आलेलं नाही. तुमच्या बाई बरोबर आहेत.

पेठकर
कायद्याला सोयीचा शब्द आणि खरा शब्द यांत फरक असतो.

निळीशाई
तुमचं सगळं 'आतल्या' माणसांचं चाललंय. वाळीत टाकायला माणूस आधी पंगतीत असावा लागतो. आम्हाला पंगतीतच कधी घेतलं नव्हतं, वाळणार काय? म्हणून बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली ती 'बहिष्कृत हितकारिणी' आणि १९२७ साली पाक्षिक काढलं ते 'बहिष्कृत भारत'. वाळीतवाल्याला दंड भरून, जेवण घालून गोतात परत येता येतं. बहिष्कृताला कुठे परत यायचं? महाडला पाणी प्यायले म्हणून तळं पंचगव्यानं शुद्ध केलं. आजही गावानं दलितवस्तीचं काम आणि दुकान बंद केलं तर त्याला वाळीत म्हणू नका. त्याला ॲट्रॉसिटी कायद्यात वेगळं कलम आहे.

निरुक्तप्रेमी
पण 'बहिष्कृत' संस्कृत आहे आणि जुन्या ग्रंथांत जातिबहिष्कृत असा अर्थ...

निळीशाई
ग्रंथ कुणाचे, ते पण सांगा.

मांडवीकाठ
गोव्यातून. तुम्ही 'गावकी' म्हणता ते वाचून दचकायला होतं. आमच्याकडे गांवकारी म्हणजे गावची सामायिक जमीन राखणारी संस्था, पोर्तुगीज कागदांत कोमुनिदाद. गांवकरांना वर्षाची 'जोण', म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळते. तिचं काम शेत, बांध, मानस यांचं. वाळीत बिळीत टाकायचं असेल तर ते वेगळे लोक बघतात.

अर्धाचहा
मानस म्हणजे?

मांडवीकाठ
खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, भरतीचं पाणी अडवणारी दारं.

पेठकर
'जोण' हा 'जण'वरून असावा. माणशी वाटा. देशावर याला काही शब्द आहे का?

निरुक्तप्रेमी
'जणवाटा' ऐकलाय कुणी?

तिरफळ
उद्या सकाळी फाइल पाठवायची आहे. कुणी सांगेल का, दाभोळखाडींच्या नारळाचं मी काय करू?

मांडवीकाठ
पेठकर, जोण सगळीकडे माणशी नसते. कुठे ती घराण्यागणिक वाटतात.