पुढचा स्ट्रट कापून घरीच वेल्डिंग केले तर चालेल का?

जुनी_एस्टीम:
माझ्याकडे २००३ ची मारुती एस्टीम आहे. गाडी थोडी खाली बसावी म्हणून गेल्या महिन्यात पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचे दीड-दीड वेढे कापून घेतले. दिसायला गाडी छान झाली, परंतु आता चाक खड्ड्यात गेले की शॉकअप आतून ठोकर घेतो, आणि जॅकवर उचलल्यास स्प्रिंग वाटीत सैल होऊन हाताने फिरते. स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या चाकाच्या खांबाची) नळी मधून ४० मिमी कापून पुन्हा जोडल्यास दोन्ही दोष जातील, असा माझा अंदाज आहे. घरी ग्राइंडर आणि वडिलांचे जुने आर्क वेल्डिंगचे मशीन आहे. हे काम कोणी केले आहे काय?

लेथवाला_उद्यमनगर:
प्रथम धुळीचे रबर वर सरकवून नळीचे तोंड पाहावे. तेथे मोठा आटेदार नट असेल तर आतला इन्सर्ट, म्हणजे शॉकअपचा सुटा गाभा, बाहेर निघतो. तोंड दाबून बंद केलेले असेल, तर आत तेल आणि बहुधा दाबाखालचा नायट्रोजन असतो. अशा नळीला ग्राइंडर किंवा वेल्डिंग लावणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे.

नटाची नळी मी एका रॅलीच्या गाडीसाठी आखूड केली आहे. स्प्रिंगची वाटी आणि खालचा नकलचा (चाक ज्यावर बसते त्या भागाचा) ब्रॅकेट यांच्यामध्ये काप घेतला, दोन्ही तोंडे लेथवर काटकोनात केली, बाहेरून घट्ट स्लीव्ह (जोडावरची बाहेरची नळी) चढवली, आणि नळी वाकू नये म्हणून समोरासमोर टाके देत वेल्डिंग पुरे केले. वेल्डिंगचा थर आत थोडासा जरी उतरला तरी इन्सर्ट जात नाही, म्हणून नळी आतून पुन्हा साफ करावी लागली. मुख्य म्हणजे नळी ४० मिमी कापली की मूळ इन्सर्ट तिच्यात मावत नाही. तेव्हा आखूड इन्सर्ट आधी हातात घ्यावा आणि नंतरच नळीला हात लावावा.

गॅरेज_सातारा:
वरील गृहस्थांचे काम चोख असेल, पण लेथ आणि कसलेला हात नसताना हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या गाडीच्या पुढच्या चाकांना आहे त्या मॅकफर्सन रचनेत चाकाला वरून धरणारा आर्म (दांडा) नसतो; चाक उभे धरून ठेवणारा, ब्रेकचा आणि वळणाचा भार घेणारा खांब हा स्ट्रटच असतो. माझ्याकडे एकदा असाच जोडलेला स्ट्रट आला होता. वरून वेल्डिंग देखणे होते, पण त्याच्या कडेला केसाएवढी चीर पडून तिच्यातून गंजाचा तांबूस ओघळ आला होता.

नळी आखूड करून शॉकअपची चाल परत मिळाली, तरी गाडी खाली बसल्याने लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) आणि टाय रॉड (स्टिअरिंगचा दांडा) यांचे बिघडलेले कोन तसेच राहतील. शिवाय वेढे कमी झाल्यामुळे स्प्रिंग आखूड झाली तशी कडकही झाली आहे. कायद्याचे म्हणाल, तर परवानगीविना केलेल्या बदलासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ (४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

सध्या मात्र सैल स्प्रिंग हाच मोठा धोका आहे. ती उसळीत वाटीतून सरकू शकते, म्हणून गाडी उभी ठेवावी आणि मूळ मापाच्या नव्या स्प्रिंगा घालाव्यात.

जुनी_एस्टीम:
पाहिले. तोंड दाबून बंद केलेले आहे, नट नाही. कापण्याचा विचार सोडला असून नव्या स्प्रिंगा मागवल्या आहेत. त्या घरी बसवता येतील काय?

गॅरेज_सातारा:
येथेच फसगत होते. तुमची कापलेली स्प्रिंग सैल असल्याने वरचा नट सहज सुटेल आणि काम सोपे वाटेल. पण पूर्ण लांबीची स्प्रिंग, स्प्रिंग-कॉम्प्रेसर या खास अवजाराने दाबल्याशिवाय तो नट पुन्हा लागणार नाही, आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात किंवा जबडा मोडतो. दोन्ही स्ट्रट सुटे काढून गॅरेजमध्ये न्यावेत, वरचा बेअरिंगही त्याच वेळी तपासून घ्यावा आणि बसवल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.