गंजलेले पोलादी पूल आणि भूकंप

पत्र्याची जाडी गंजाने १० टक्के घटली तर पुलाची ताकदही तेवढीच घटते, हे गणित ताण सोसणाऱ्या (म्हणजे ओढल्या जाणाऱ्या) भागांना ढोबळमानाने लागू पडते, पण दाबाखालच्या पातळ पत्र्याला नाही. असा पत्रा बाक येण्याआधी जो भार पेलतो तो, लवचीक मर्यादेत (भार काढल्यावर पत्रा मूळ आकारात येतो तोवर), जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे १० टक्के जाडी गेली की सुमारे २७ टक्के क्षमता जाते. जपानमधल्या १९९५च्या कोबे भूकंपात उन्नत मार्गांचे काही पोलादी खांब असेच पत्रा फुगून निकामी झाले होते.

त्याहून मला जास्त काळजी वाटते ती गंजाच्या जागांची. प्रसरण सांध्यातून (उष्णतेने पूल लांबतो-आखडतो त्यासाठी ठेवलेल्या फटीतून) झिरपणारे पाणी नेमके गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या मुख्य तुळईच्या, टोकावर आणि बेअरिंगवर, म्हणजे तुळई ज्यावर टेकते त्या सरकत्या आधारावर, पडते. बेअरिंग गंजून जखडले की भूकंपात जी हालचाल तिथे सुटायला हवी, तिचे बळ थेट खांबावर आणि आधार खांबाला जखडणाऱ्या नांगर-बोल्टांवर येते. खड्डे पाडणारा गंज तर आणखी वाईट, कारण भूकंपाच्या मोजक्याच पण मोठ्या हेलकाव्यांत तडा त्या खड्ड्यापासूनच सुरू होऊ शकतो.

जपानमधील किसो नदीवरील पुलाचा एक तिरपा दंड २००७ मध्ये भूकंपाविनाच तुटला, तोही पदपथाच्या काँक्रीटमधून जातो त्या झाकलेल्या जागी. म्हणून भूकंपक्षमता तपासताना मूळ आराखड्यातील जाडी न धरता, काँक्रीट उकरून, रंग खरवडून, अल्ट्रासॉनिक मापकाने प्रत्यक्ष मोजलेली जाडीच धरावी.