खेळाडूंना विचारून चालणारा खेळ

'खेळाडूंना काय हवंय ते त्यांचं त्यांनाच कळत नाही, बनवणाऱ्यांनीच ठरवावं' हा ऑनलाइन गेमच्या या चर्चेत कुणीतरी मांडलेला मुद्दा मला निम्माच पटला. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि ईव्ह ऑनलाइन या गेमवर एवढा खल झाला, पण ओल्ड स्कूल रूनस्केप या गेमचं नाव कुणीच काढलं नाही. 2013 मध्ये मूळ रूनस्केपच्या ऑगस्ट 2007 च्या बॅकअपवरून, म्हणजे साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतीवरून, तो पुन्हा सुरू झाला, तोच मुळी खेळाडूंनी मतं दिली म्हणून. नवीन काही आणायचं तर आधी मतदान, आणि तिथे साधं बहुमत चालत नाही. बरीच वर्षं 75 टक्के लागायचे, 2022 पासून 70. सेलिंग (जहाज चालवणं) हे नवं स्किल, म्हणजे गेममधल्या पात्राने शिकायचं कौशल्य, 2015 च्या मतदानात आपटलं, 2019 मध्ये वॉर्डिंग या दुसऱ्या स्किलचंही तेच झालं. मग 2023 मध्ये सेलिंग पुन्हा मतदानाला आलं आणि या वेळी पास झालं. लोकांना काय नकोय हे तरी पक्कं ठाऊक असतं म्हणायचं!

खरी गोची पीव्हीपीची, म्हणजे खेळाडूंनी एकमेकांशी लढण्याची. वाइल्डरनेस या गेममधल्या भागात एकमेकांना मारणारे थोडे, पण त्यांच्यासाठीच्या बदलांवर मत सगळ्यांचं. तिकडे कधी न फिरकणारे लोक मुद्दाम 'नाही' दाबतात ही तक्रार जुनी आहे आणि शेवटी कंपनीने असे काही बदल मतदानाशिवाय आणायला सुरुवात केली. मी स्वतः ऑफिसचे कॉल ऐकता ऐकता गेममध्ये निवांत मासे पकडणाऱ्यांतला, त्यामुळे पीव्हीपीवाल्यांचा माझ्यावरही राग असणारच.