‘मध्यवर्ती बँक’ म्हणजे नेमकी कोणती?

अंबाजोगाईहून प्रश्न

परवा पेपरात मथळा होता, ‘मध्यवर्ती बँकेची चिंता वाढली’. बातमी रिझर्व्ह बँकेची, महागाईची आणि रेपो दराची, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याची. वडिलांनी एवढाच मथळा वाचला आणि चष्मा काढून ठेवला. “बुडाली का काय आता? मग सोसायटीचं कसं व्हायचं?” त्यांच्या लेखी मध्यवर्ती बँक एकच, जिल्ह्याची. पूर्वी एका बँकेत आमची ठेव कित्येक वर्षं अडकली होती, त्यामुळे त्यांचं घाबरणं मला समजतं. पण समजावताना मीच अडखळले. दोन्हींना एकच शब्द कसा? रिझर्व्ह बँकेसाठी दुसरा मराठी शब्द आहे का?

लातूरहून

ताई, शब्द दोन्हीकडे बरोबर आहे, फक्त मध्य वेगळा. गावात शेतकऱ्यांना कर्ज देणारी सोसायटी, तिच्या वर जिल्हा मध्यवर्ती, तिच्याही वर राज्य सहकारी बँक. जिल्ह्यातल्या सगळ्या सोसायट्यांच्या मधोमध असलेली म्हणून ती मध्यवर्ती. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ला सुरू झाली. नोटा काढणं, सरकारचं खातं सांभाळणं, बँकांवर देखरेख ठेवणं ही तिची कामं, म्हणून ती देशाची मध्यवर्ती. ‘शिखर बँक’ म्हणावं, तर आपल्याकडे ते नाव राज्य सहकारी बँकेला रुळलंय.

नोटाबंदीतली, १४ नोव्हेंबर २०१६ची गोष्ट घ्या. ‘मध्यवर्ती बँकेने मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली.’ वाक्य खरं आहे, पण वाचणाऱ्याला काय कळणार? माझं मत असं की बातमीत सरळ ‘रिझर्व्ह बँक’ लिहावं, आणि दुसरीबद्दल लिहिताना ‘जिल्हा’ हा शब्द कधीच गाळू नये. मथळ्यात दोन अक्षरं वाचवायची म्हणून म्हाताऱ्या माणसाचा जीव टांगणीला लावू नये.

परभणीहून

आपल्या मराठवाड्याला तर एका काळी वेगळीच मध्यवर्ती बँक होती. निजामाच्या राज्याचं चलन स्वतंत्र होतं, आणि ते सांभाळायला हैदराबाद स्टेट बँक १९४२मध्ये सुरू झाली. पुढे १९५६मध्ये ती रिझर्व्ह बँकेकडे गेली आणि ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली. २०१७पर्यंत आपल्या कितीतरी गावांत हीच पाटी होती.

त्या चलनाचं नाव हाली सिक्का. ‘हाली’ अरबीतला, म्हणजे सध्याचा. आपलं ‘हल्ली’ त्याच घरातलं. इंग्रजी मुलखातला रुपया तो कलदार. कळ म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला म्हणून कलदार. हालीचे सात म्हणजे कलदाराचे सहा. शंभर कलदाराला हालीचे ११६ रुपये १० आणे ८ पै मोजावे लागत. मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, सौदा ठरवताना आधी विचारायचे, “हाली का कलदार?” आमच्या घरातल्या एका जुन्या खरेदीखतावर रकमेपुढे ‘सिक्के उस्मानिया’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. नुसतं ‘रुपये’ लिहून भागत नव्हतं. १९४८च्या पोलीस ॲक्शनने निजामाचं राज्य भारतात आलं, त्यानंतर पन्नासच्या दशकात हाली हळूहळू काढून घेतला गेला.

अंबाजोगाईहून

वडिलांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा पुढचा प्रश्न: “मग रिझर्व्ह बँक बुडाली तर? सरकारवर एवढं कर्ज आहे म्हणतात. रुपया बुडणार नाही का?”

लातूरहून

काकांना सांगा, इथे क्रियापद नीट निवडायला हवं. आपण सगळ्यालाच ‘बुडाला’ म्हणतो आणि तिथेच भीती दुप्पट होते.

बुडते ती ठेव किंवा उधारी, म्हणजे देणाऱ्याकडे द्यायला पैसाच उरत नाही तेव्हा. रिझर्व्ह बँकेचं रुपयातलं देणं असं बुडत नाही, कारण रुपया तीच काढते. जिल्हा बँकेला ही सोय नाही. म्हणून तिथल्या ठेवीला विमा असतो, २०२०पासून पाच लाखांपर्यंत.

घसरतो तो रुपया डॉलरपुढे. ६ जून १९६६ला सरकारने डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये केला. १९९१मध्ये परकीय चलन इतकं आटलं की देशाचं सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं. डॉलर आपण छापू शकत नाही, त्यामुळे खरा घोर तिथे असतो.

आणि झिजतो तो महागाईने. चांदीचा रुपया हाताळून झिजायचा तसा. पूर्वी तूट पडली की सरकार रिझर्व्ह बँकेकडून जवळजवळ आपोआप पैसा उचलायचं. ती पद्धत १९९७मध्ये बंद झाली. २०१६पासून महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के इकडेतिकडे, ठेवायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेवर कायद्यानेच आहे. त्या मथळ्यातली ‘चिंता’ ही एवढी. काळजी करावी ती झिजण्याची, आणि ती मलाही वाटते. ठेवीवर जगणाऱ्या माणसाला ही झीज सगळ्यांत आधी लागते.

परभणीहून

यात ‘बंद होणे’ही घ्या. हाली बुडाला नाही, बंद झाला.

अंबाजोगाईहून

वडील म्हणाले, त्यांचे आजोबा धोतराच्या सोग्यात दोन गाठी मारायचे, एकीत हाली, दुसरीत कलदार. मग त्यांनी तो पेपर परत मागितला, मथळ्यातल्या ‘मध्यवर्ती’वर काट मारून वर पेनाने ‘रिझर्व्ह’ लिहिलं आणि घडी करून ठेवला.