अनुभव धागा : टीम आपली, कारभार कुणाचा?

हरल्याचं रडगाणं इथं नको, हरायची सवय आहे सगळ्यांना. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या फुटबॉलवेड्यांनी नावाऐवजी आपला भाग टाकून एवढंच लिहावं : क्लब चालवणाऱ्यांनी तुम्हाला कधी, कसा वैताग आणला? क्लब विलायतेतला असो, गोव्याचा असो, नाहीतर आपल्या गल्लीतला.

टिळकवाडी

मँचेस्टर युनायटेड. हसून घ्या आधी. घरात हे वेड धाकट्या काकांनी आणलं. २००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं क्लब विकत घेतला, तो क्लबच्याच डोक्यावर कर्ज चढवून. काका बँकेत होते, ते तेव्हाच म्हणाले, "घर घेणाऱ्यानं हप्ते भाडेकरूंच्या गळ्यात मारलेत." फर्ग्युसन मॅनेजर होता तोवर सगळं झाकून गेलं. २०१३ ला तो गेला आणि उघडं पडलं.

मला झोंबलं ते २०२४. मे महिन्यात एफए कप जिंकला, जुलैत मॅनेजर टेन हागचा करार वाढवला, त्याच्या पसंतीची पोरं भरमसाट पैसे मोजून आणली, आणि ऑक्टोबरात त्यालाच घरी पाठवला. डॅन ॲशवर्थला स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून आणण्यासाठी न्यूकॅसल क्लबशी केवढी घासाघीस केली, तो पाच महिन्यांत बाहेर. दोघांना काढताना द्यायच्या भरपाया कोण भरणार? तर शेकडो कर्मचाऱ्यांना नारळ. उरलेल्यांचं फुकट जेवण बंद. सीझन अर्ध्यावर असताना मेंबरांची राहिलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड केली, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांनाही सवलत नाही. मैदानाचं छप्पर मात्र गळतंय ते गळतंयच. आर्सेनलच्या मॅचला त्यातनं धो धो पाणी पडताना टीव्हीवर दाखवलं, तर आई म्हणते, "पावसाआधी पत्र्याला डांबर मारायचं असतंय, एवढं कळत नाही होय ह्यांना?" त्या कारभाराचं फळ पुढच्या मे महिन्यात : लीगमध्ये पंधरावा नंबर.

शहापूर

आर्सेनलवाला. मालक क्रोंकेला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. आता टीम बरी खेळायलीय, म्हणून गप्प बसलोय. लिहिण्यासारखं एवढंच.

कॅम्प

बेंगळुरू एफसी. रात्रीची बस, सकाळी मॅजेस्टिक, संध्याकाळी कंठीरवा स्टेडियमात घसा बसेपर्यंत ओरडायचं, लगेच परतीची बस. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०१९ च्या फायनलला आमच्या राहुल भेकेनं एफसी गोवावर हेडरनं गोल मारला तेव्हा आमच्या गल्लीत दोन तट पडले होते. अर्धा कॅम्प गोव्याचा आहे ना! २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा फायनल, मोहन बागानकडून जादा वेळेत २-१ ने हरलो. चालतंय. पण ऑगस्टमध्ये बातमी आली की क्लबनं खेळाडूंचे आणि स्टाफचे पगार थांबवलेत. चार महिन्यांपूर्वी फायनल खेळलेली टीम!

क्लबला तरी किती बोलणार? लीग होणार की नाही तेच ठरलेलं नव्हतं. देशाची फुटबॉल फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांचा २०१० चा करार पंधरा वर्षांचा, डिसेंबर २०२५ ला संपणारा. त्यात सुप्रीम कोर्टात फेडरेशनच्या घटनेचं प्रकरण. मान्य. पण करार कधी संपणार ते सही झाली त्या दिवसापासून माहीत होतं की!

जांबोटी

आम्ही चोर्ला घाट उतरून फातोर्डाला एफसी गोवाच्या मॅचला जाणारी माणसं. २०२५ च्या ऑक्टोबरात रोनाल्डोची सौदी टीम अल नस्र आली, रोनाल्डो आलाच नाही. भाचा त्याच्या नावाची जर्सी घालून बसला होता. तरी आपल्या ब्रायसननं गोल मारल्यावर तोच सगळ्यात जास्त नाचला. हरलो १-२, वाईट नाही वाटलं. वाईट वाटतंय ते गोव्याच्या जुन्या धेंपो क्लबचं. पाच वेळा देशाचे चॅम्पियन, आणि २०१६ मध्ये फेडरेशननं आयएसएलला वर बसवायचं ठरवल्यावर धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग हे गोव्याचे तिन्ही क्लब आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. ते क्लब बघत मोठी झालेल्या प्रेक्षकांना कुणी विचारलं?

अनगोळ

माझा मुलगा खेळतो, म्हणून मी लिहितेय. क्लबचं नाव नको. एका पुढाऱ्यांनी जर्सी दिल्या. छातीवर त्यांचा फोटो ताटलीएवढा, पाठीवरचा नंबर मात्र पहिल्या धुण्यात सुटला. आता पोरं मार्करनं नंबर काढतात. स्पर्धेच्या बॅनरवर कन्नड वर की मराठी वर, यावर कमिटीची सभा रात्री उशिरापर्यंत चालली. मी बुटांचं विचारलं तर "वहिनी, पुढच्या मिटिंगला बघू." निवडणूक झाल्यापासून पुढची मिटिंगच नाही. वर्गणीचा हिशोब मागितला तर माझं नाव ग्रुपमधून गायब.

टिळकवाडी

वहिनी, म्हणूनच म्हणतो, जर्मनीसारखं पाहिजे. तिथं नियमच आहे : निम्म्याहून एक मत जास्त सभासदांकडे. क्लब सभासदांचा.

चिक्कोडी

सभासदांचं आम्हाला सांगू नका दादा. आमच्या घरात उसाच्या कारखान्याचे शेअर्स आहेत. मत आम्हीच देतो, आणि बिलासाठी वर्षभर हेलपाटेही आम्हीच मारतो.

टिळकवाडी

खरंय की. पण काका, वार्षिक सभेत उठून चेअरमनच्या हातातला माईक तरी हिसकावता येतो. ग्लेझरचा माईक कुठं असतो ते सांगा.