क्योनिगग्रेट्झ १८६६: टेबलावरच्या लढाईचे नियम लिहितोय, सल्ला हवा

धागाकर्ता

नमस्कार मंडळी. गेलं वर्षभर मी आणि माझा मावसभाऊ एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या लढायांसाठी स्वतःचे नियम लिहितोय. ६ मिमी उंचीचे छोटे सैनिक, सहा फूट बाय चार फूट टेबल, नेहमीचे सहा बाजूंचे फासे. पहिली लढाई घेतली ती ३ जुलै १८६६ ची, बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) क्योनिगग्रेट्झची. एका बाजूला प्रशिया, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया आणि सॅक्सनी.

प्रशियाची ड्रायझे सुई-बंदूक मागून भरायची, मिनिटाला चार-पाच गोळ्या सुटायच्या. ऑस्ट्रियाची लोरेन्झ ठासणीची, मिनिटाला फार तर दोन-तीन. म्हणून आम्ही प्रशियाच्या प्रत्येक बटालियनला दुप्पट फासे दिले. सहा वेळा खेळलो आणि सहाही वेळा खेळातल्या घड्याळात दहा वाजायच्या आत ऑस्ट्रियाचं पायदळ संपलं. प्रत्यक्षात तर प्रशियाची पहिली आर्मी दुपारपर्यंत बिस्त्रित्झ नदीकाठी तोफांच्या माऱ्यात अडकून पडली होती. फासे कमी केले की दोन्ही बंदुका सारख्याच वाटायला लागतात.

आमचं माप: एक इंच म्हणजे १५० मीटर, एक पाळी म्हणजे अर्धा तास, एक बेस (सैनिक चिकटवलेली पट्टी) म्हणजे एक बटालियन. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १

पाळी अर्ध्या तासाची आणि गोळ्या मिनिटाच्या हिशोबाने मोजताय, गोंधळ तिथेच आहे. पायदळाची तुकडी मिनिटाला शंभर पावलं चालते असं धरा. चारशे पावलांवरून निघालेला हल्ला चार-पाच मिनिटांत एक तर भिडतो नाही तर मोडतो. म्हणजे चालून येणं, गोळीबार, संगिनी, माघार हे सगळं तुमच्या एका पाळीच्या पोटात होऊन जातं. उलट बाजूनेही बघा: शिपायाजवळ ६० काडतुसं धरली तर मिनिटाला पाचच्या वेगाने ती बारा मिनिटांत संपतील. अर्धा तास कोणी त्या वेगाने गोळ्या झाडत नाही.

गोळीबाराचे वेगळे फासे काढूनच टाका. हल्ल्याचा निकाल एकाच झटक्यात लावा. दोघांनी एकेक फासा टाकायचा. सुई-बंदूकवाल्याला अधिक दोन, पण तो जागेवर असेल, त्या पाळीत हललेला नसेल आणि समोरचा दाट रांगेत येत असेल तरच. ठासणीच्या बंदुकीत बार भरायला उभं राहावं लागतं, सुई-बंदूक आडवं पडून, झाडामागे गुडघ्यावर बसून भरता येते. खरा फायदा हा आहे, आणि तो बचाव करणाऱ्याचा. प्रशिया मोकळ्या रानातून चालून गेला तर त्याला काही मिळत नाही.

ऑस्ट्रियाच्या दाट रांगेला धडकेचा अधिक एक द्या. १८५९ मध्ये फ्रेंचांनी संगिनी लावून धावत येऊन त्यांना हरवलं होतं. तो धडा त्यांनी मनावर घेतला आणि सगळं पायदळ धडकेसाठी तयार केलं. तेव्हा खेळणाऱ्यालाही धडक मारावीशी वाटली पाहिजे.

दोन्ही बेरजांत तीन किंवा जास्त फरक पडला तर हरलेला मोडला. एक-दोन असेल तर मागे हटला. बरोबरी झाली तर दोघं जागेवर. या हिशोबाने ऑस्ट्रिया ३६ पैकी १० वेळा जिंकतो आणि २१ वेळा हरतो. हल्ला करायचा मोह राहावा इतकी आशा त्यात आहे, आणि दुपारपर्यंत सैन्य झिजावं इतका तोटाही.

प्रतिसाद २

तोफांचं विसरू नका. आटे पाडलेल्या नळीच्या (लांब, अचूक मारा करणाऱ्या) तोफा ऑस्ट्रियाकडे सरसकट होत्या आणि ख्लुम-लीपा गावांच्या उंचवट्यावर नीट मांडलेल्या होत्या. प्रशियाच्या बऱ्याच तोफा अजून गुळगुळीत नळीच्या होत्या. तोफांना बेस मारायला लावू नका, थोपवायला लावा. मारा लागला की ती ब्रिगेड पुढच्या पाळीत पुढे सरकणार नाही, एवढंच. पहिली आर्मी आपोआप नदीकाठी अडकेल.

आणि बटालियनऐवजी ब्रिगेडचा बेस करा. ऑस्ट्रियाच्या ब्रिगेडीत साधारण सात बटालियन असायच्या. टेबल मोकळं होईल आणि खेळ एका संध्याकाळीत संपेल.

प्रतिसाद ३

मी चेक प्रजासत्ताकात राहते. ख्लुमच्या टेकडीवर निरीक्षण मनोरा आहे, प्रागहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. वर उभं राहिलं की वायव्येला एक रान दिसतं, स्वीबचं जंगल. आत पायवाटेने चाललं की झाडांमधून स्मारकं दिसायला लागतात, दहा पावलांवर एक, पुढे आणखी दोन, मग मोजणं सोडावं लागतं. मी तिथे दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा बोलणं आपोआप थांबलं.

हे सांगायचं कारण असं की तुमच्या नियमांत हे जंगल कुठेच दिसत नाही, आणि माझ्या मते लढाई तिथेच फिरली. सकाळी फ्रान्सेकीची एक प्रशियन डिव्हिजन त्या रानात शिरली. ऑस्ट्रियाच्या चौथ्या आणि दुसऱ्या कोरचं (कोर म्हणजे अनेक ब्रिगेडींची फौज) काम होतं उजवी बाजू राखणं, उत्तरेकडे तोंड करून. चौथ्या कोरचा सेनापती फेस्टेटिक्स जखमी झाला, मोलिनारीने सूत्रं घेतली आणि ब्रिगेडीमागून ब्रिगेड रानात ढकलली. दुसरा कोरही ओढला गेला. ऑस्ट्रियाचा सरसेनापती बेनेडेकने माघारी बोलावेपर्यंत ते पार थकले होते आणि उत्तरेची बाजू उघडी पडली होती. तिथूनच प्रशियाच्या युवराजाची दुसरी आर्मी आत आली आणि तीनच्या सुमारास ख्लुम पडलं.

तेव्हा नियम बंदुकीचे कमी आणि सेनापतींचे जास्त लिहा. "जागा राखा" असा हुकूम असलेल्या कोरपासून पाच इंचांत शत्रू दिसला तर दर पाळीला एक फासा टाका. एक किंवा दोन आले की तो कोर हुकूम मोडून हल्ल्याला निघेल. त्याला परत आणायला वरिष्ठाचा निरोप लागेल आणि निरोपाला एक पूर्ण पाळी लागेल. यात खेळणाऱ्याची फार चडफड होते. बेनेडेकची तीच झाली असणार.

प्रतिसाद ४

ताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. भर म्हणून सांगतो, प्रशियातच १८२४ मध्ये लेफ्टनंट राइसविट्झने सैन्यासाठी क्रीग्सश्पील (युद्धाचा सराव-खेळ) तयार केलं. नकाशा, ठोकळे, दोन मिनिटांची पाळी आणि मध्ये पंच. खेळणारा हुकूम लिहून पंचाकडे देतो आणि पंच दाखवेल तेवढंच त्याला दिसतं. तिसरा माणूस मिळत असेल तर त्याला पंच करा. ऑस्ट्रियावाल्याला उत्तरेकडचं काही सांगू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवीन नियमांनी खेळलो, पंच म्हणून वहिनी बसल्या. साडेनऊच्या पाळीला माझ्या चौथ्या कोरवर एक पडला आणि तो स्वीबच्या रानात शिरला. मी लगेच निरोप लिहिला. तो पोचेस्तोवर दोन ब्रिगेडी मोडल्या होत्या आणि दुसऱ्या कोरवरही दोन पडले. पहिल्यांदाच मला नकाशावरची ती उजवी बाजू रिकामी दिसली आणि पोटात गोळा आला.

एकच अडलंय: युवराजाची आर्मी कधी आणायची? ठरलेल्या पाळीला आणली तर मी वाट बघत बसतो.

प्रतिसाद ३

प्रशियाच्या जनरल स्टाफचा प्रमुख मोल्टके याचा निरोप युवराजाकडे रात्री घोडेस्वारांनी नेला, पहाटे तो पोचला आणि मग सैन्य चिखलातून निघालं. म्हणून वेळ पक्की नकोच. अकराला सहा पडला तर आली, साडेअकराला पाच-सहा, बाराला चार-पाच-सहा, असं वाढवत न्या. बारापर्यंत येण्याची शक्यता शेकडा बहात्तर होते. फासा पंचांनी पडद्यामागे टाकायचा आणि टेबलाच्या उत्तर कडेवर पहिला बेस ठेवेपर्यंत काही बोलायचं नाही. वहिनींना तेवढं सांगून ठेवा.